जीआर कुणाच्या खुर्चीत बसून वाचायचा?



शिक्षणशास्त्र किंवा लोकप्रशासनात पीएचडीची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: ‘विषय शालेय धोरणाचा घेतलाय, जीआर डाउनलोड करून ठेवलेत, आता विश्लेषण कसं करू?’ फोल्डरमध्ये चाळीस-पन्नास पीडीएफ असतात आणि एक एक्सेल शीट असते. तिच्यात दिनांक, विषय आणि मुख्य तरतूद असे रकाने. माझ्याकडेही अशीच शीट होती. सल्लागार समितीसमोर मी ती जरा अभिमानानेच उघडली. एका सदस्यांनी शांतपणे विचारलं, ‘शासनाने काय म्हटलं ते कळलं. ज्याला म्हटलं त्याने काय वाचलं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी जीआर वेगळ्या खुर्चीत बसून वाचते, मुख्याध्यापकांच्या. आज एकच जीआर तसा वाचून दाखवते: १७ जून २०२५ चा, त्रिभाषा सूत्राचा. हिंदी पहिलीपासून असावी की नसावी, हा वाद इथे नको. माझं मत आहे, पण ते कधीतरी चहावर. इथे प्रश्न एवढाच, की एक लिखाण म्हणून हा जीआर कसा आहे, आणि तो हातात पडलेल्या माणसाला त्यातून काही करता येतं का.

आधी तारखा. १६ एप्रिल २०२५ रोजी राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या अंमलबजावणीचा शासन निर्णय निघाला. त्यात मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवीसाठी हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली होती. गदारोळ झाला. २२ एप्रिलला शिक्षणमंत्र्यांनी पत्रकारांसमोर ‘अनिवार्य’ या शब्दाला स्थगिती दिल्याचं सांगितलं. कागदावर मात्र बदल आला तो थेट १७ जूनला. म्हणजे जवळजवळ आठ आठवडे लेखी आदेश एक सांगत होता आणि टीव्हीवरची बातमी दुसरं. १६ जूनला विदर्भ सोडून राज्यातल्या शाळा उघडल्या, आणि सुधारित जीआर दुसऱ्या दिवशी आला. पहिलीची पोरं तेव्हा वर्गात बसून रडतही होती. २९ जूनला मुख्यमंत्र्यांनी दोन्ही जीआर रद्द करत असल्याचं जाहीर केलं आणि विषय डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे गेला.

वर्तमानपत्रांसाठी ही राजकारणाची गोष्ट होती. आपल्यासाठी मधले बारा दिवस महत्त्वाचे आहेत. १७ ते २९ जून हा आदेश लागू होता. त्या दिवसांत मुख्याध्यापकाने नेमकं काय करायचं होतं?

आता मजकुराकडे. ‘अनिवार्य’च्या जागी जो शब्द आला तो ‘सर्वसाधारणपणे’. हिंदी सर्वसाधारणपणे तिसरी भाषा असेल. बातम्यांत या शब्दाची थट्टा झाली, पण त्याचं काम कुणी फारसं तपासलं नाही. ‘सर्वसाधारणपणे’ म्हटलं की अपवाद असणार हे उघड आहे. मग अपवाद कुणी ठरवायचा? पुढच्या वाक्यांत त्याची अट येते. दुसरी भारतीय भाषा शिकायची इच्छा दाखवणारे विद्यार्थी त्या शाळेत, त्या इयत्तेत किमान २० असले पाहिजेत. तितके असतील तर शिक्षक उपलब्ध करून देण्यात येईल, अन्यथा ती भाषा ऑनलाइन शिकवली जाईल.

हे पुन्हा एकदा सावकाश वाचा. पहिल्या वाक्यात २० ही अट आहे, म्हणजे त्याहून कमी असतील तर पर्यायच नाही. दुसऱ्या वाक्यात ‘अन्यथा’ आहे, म्हणजे २० पेक्षा कमी असले तरी पर्याय आहे, फक्त शिक्षक नाही, ऑनलाइन. मग सात मुलांच्या पालकांनी गुजराती मागितली तर मुख्याध्यापकाने ‘नाही’ म्हणायचं की ‘ऑनलाइन’ म्हणायचं? दोन्ही उत्तरं त्याच परिच्छेदातून काढता येतात. दोन्ही चूकही ठरवता येतात.

शिवाय ‘इच्छा’ कुणाची? पहिलीतलं मूल सहा वर्षांचं असतं. पालकांची धरायची असेल तर ती कोणत्या नमुन्यात घ्यायची, किती तारखेपर्यंत, पालक सभेत की घरी अर्ज पाठवून? शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागेल का? ऑनलाइन म्हणजे कोणत्या साधनावर, आणि त्या वेळात बाकीच्या मुलांजवळ कोण बसणार? आपल्या जिल्हा परिषद शाळांत दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, आणि वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यात हजारोंनी आहेत. २०२३ मध्ये समूह शाळांचा वाद पेटला तो त्यांच्याचवरून. अख्ख्या शाळेचा पटच वीस नाही, तिथे ‘इयत्तेत किमान २०’ ही अट म्हणजे पाच फुटी माणसाला सहा फुटांवरच्या फळीवरचा डबा खुशाल घे म्हणण्यासारखं आहे.

माझी या जीआरवरची टीका ही आहे. धोरण चूक की बरोबर हे बाजूला ठेवलं तरी हा मजकूर अंमलात आणता येण्याजोगा नाही. तो वर्तमानपत्राच्या मथळ्याला उत्तर म्हणून लिहिलेला वाटतो, शाळेला सूचना म्हणून नाही. त्याचा खरा वाचक मंत्रालयाबाहेर माइक घेऊन उभा होता. मुख्याध्यापकाचं नाव पानाच्या तळाशी, ‘प्रति’मध्येही सहसा थेट येत नाही.

आता क्रियापदं बघू. ‘करण्यात यावे’, ‘देण्यात येईल’, ‘राहील’. जीआरच्या भाषेत कर्ता गायब असतो, ही तक्रार जुनी आहे, आणि तिला चांगलं उत्तरही आहे. आदेश राज्यपालांच्या नावाने निघतो, त्यामुळे ती रचना कायद्याच्या सोयीची आहे. हे मला मान्य आहे. पण जरा वेगवेगळ्या पातळीवरची परिपत्रकं शेजारी ठेवून पाहा. कर्ता सगळीकडे गायब नसतो. शासन जे देणार त्या वाक्यात तो नसतो: शिक्षक उपलब्ध करून देण्यात येईल. कोण देणार, कधी देणार, माहीत नाही. शाळेने जे करायचं त्या वाक्यात मात्र तो ठसठशीत उगवतो: ‘मुख्याध्यापकांनी तात्काळ’, ‘सर्वस्वी जबाबदारी संबंधित मुख्याध्यापकांची राहील’. माझ्या कोडबुकमध्ये मी नंतर हा एकच रकाना वाढवला: वाक्यात कर्ता आहे का, आणि असल्यास कोण. जुन्या तीन रकान्यांपेक्षा या एकाने जास्त सांगितलं.

आता तो कागद शाळेपर्यंत कसा येतो ते. शालेय शिक्षण विभागाचा जीआर आयुक्त, संचालक, विभागीय उपसंचालक, जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी, तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी, मग केंद्रप्रमुख असा उतरतो. आजकाल तो केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो, बऱ्याचदा मधल्या दोन-तीन पायऱ्यांच्या आधीच. प्रत्येक पायरीवर त्याच्यावर एक पत्र चढतं. यामिनी अय्यर आणि श्रायणा भट्टाचार्य यांचा २०१६ चा ईपीडब्ल्यूमधला एक लेख तुम्ही वाचलाच पाहिजे. गटपातळीवरचे शिक्षण अधिकारी स्वतःला पोस्ट ऑफिस समजतात, वरून आलेलं खाली पाठवणं एवढंच आपलं काम मानतात, हे त्यांनी फार बारकाईने दाखवलंय. माझी त्याला एक छोटी पुस्ती आहे. खरा पोस्टमन पाकिटावर काही लिहीत नाही. आपल्याकडची अग्रेषण पत्रं लिहितात. मूळ जीआरमध्ये मुदत नसते, पत्रात ‘आज दुपारी चारपर्यंत’ असतं. मूळ मजकुरात नमुना नसतो, पत्रासोबत एक्सेल किंवा गुगल फॉर्म असतो. धोरणाचा कितीतरी भाग त्या एका पानात तयार होतो, आणि आपण संशोधक ते पान सोडून मागची पीडीएफ तेवढी वाचतो.

हे मला शिकवलं एका द्विशिक्षकी शाळेच्या सरांनी. शाळेचं नाव, तालुका काहीच सांगत नाही, कारण पुढे लिहिते. जून २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात मी तिथे गेले होते, पहिलीचा पट सात. जीआरची छापील प्रत मी पिशवीतून काढली, परिच्छेदांवर पिवळ्या रेघा मारलेली. सर हसले. म्हणाले, ‘ताई, तुम्ही हा वाचता होय? आम्ही याच्यावरचं पत्र वाचतो. पत्र आलं नाही तर थांबतो. पण तयारी ठेवतो.’

तयारी म्हणजे काय, ते त्यांनी कपाटातून काढून दाखवलं. साध्या कागदावर सात पालकांच्या सह्या, दोन अंगठे. वर त्यांच्याच अक्षरात: आमच्या पाल्यास तिसरी भाषा म्हणून, पुढे रिकामी जागा, शिकवण्यास आमची हरकत नाही. भाषेचं नाव रिकामं का, विचारलं. ‘वरून काय येईल ते भरू. पालक पुन्हा कामावरून कुठे बोलावू? एक दिवसाची मजुरी जाते त्यांची.’

आता यावर सैद्धांतिक चौकट लावायचा मोह होतोच. मला पहिल्यांदा मायकल लिप्स्की आठवले. त्यांच्या १९८० च्या ‘स्ट्रीट-लेव्हल ब्युरोक्रसी’मध्ये ते म्हणतात की शिक्षक, पोलीस, समाजकार्यकर्ते यांच्याकडे निर्णयाची मोकळीक असते आणि त्यांच्या रोजच्या निर्णयांतूनच धोरण प्रत्यक्षात घडतं. सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य आता मीठ टाकावं तसं टाकलं जातं. पण सरांकडे जे होतं ती मोकळीक नव्हती, ती संदिग्धता होती. मोकळीक असते तेव्हा निर्णय तुमचा आणि त्याला मान्यताही असते. संदिग्धतेत तुम्ही अंदाज बांधता, आणि अंदाज चुकला तर खुलासा तुम्हाला मागतात. त्या रिकाम्या जागेच्या कागदाला मी पहिल्या मसुद्यात ‘स्थानिक पातळीवरची कल्पक अंमलबजावणी’ म्हटलं होतं. किती गोड शब्द! गाइडने त्याखाली लाल रेघ मारून लिहिलं, ‘याला भीती म्हणतात.’ स्टीफन बॉल आणि सहकाऱ्यांचं २०१२ चं ‘हाउ स्कूल्स डू पॉलिसी’ इथे जास्त उपयोगी पडतं, कारण ते शाळेचे पैसे, इमारत, माणसं, बाहेरचा दबाव हे सगळं धोरणाच्या आत मोजतं. पण त्यांच्या शाळा इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळा आहेत. आपल्या दोन खोल्यांच्या शाळेवर ती चौकट जशीच्या तशी बसवली तर ढगळ होते, हे लक्षात ठेवा.

आणि हो, जीआरला नावं ठेवून संपलं असं करू नका. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर संकेतांकासह हे सगळं खुलं आहे, ही संशोधकासाठी मोठीच सोय आहे. जीआरच्या डोक्यावरची ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ची यादी कधीही ओलांडू नका. आधीचे कोणते निर्णय बदलले जातायत ते तिथे उलगडतं. शुद्धिपत्रकं तर आवर्जून वाचा. कुठे मजकूर शाळेत जाऊन अडला ते अनेकदा शुद्धिपत्रकातच कळतं.

अग्रेषण पत्रं मात्र संकेतस्थळावर मिळणार नाहीत. शाळेची आवक नोंदवही बघायची परवानगी मागा. जीआरवरची तारीख आणि आवक क्रमांकाची तारीख यांत किती दिवसांचं अंतर आहे, ते साध्या वहीत उतरवून घ्या. माहिती अधिकारात तालुक्याच्या कार्यालयाकडून पत्रांच्या प्रती मागता येतात, पण विचारपूर्वक. एका केंद्राची पत्रं तुम्ही मागितलीत की कोणत्या शाळेत संशोधक येऊन गेला हे अर्ध्या तासात सगळ्यांना कळतं. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट घेतलेत तर त्यात नंबर असतात, नावं असतात, कुणीतरी रात्री अकराला पाठवलेला वैतागलेला इमोजी असतो. संमतीपत्रावर मुख्याध्यापकांची सही आहे म्हणून ग्रुपमधल्या बाकीच्या चाळीस जणांची संमती मिळाली असं होत नाही. मी स्क्रीनशॉट घेणं बंद केलं. मजकूर हाताने उतरवते आणि तारीख टाकते.

सरांना मी जुलैत फोन केला. म्हटलं, तो सह्यांचा कागद आता फाडला असेल ना? म्हणाले, ‘फाडतो कशाला? समिती बसलीय ना. फाइलला लावून ठेवलाय.’