मनोविकृतींचे वर्गीकरण आणि कारणमीमांसा

मनोविकृतींचे वर्गीकरण आणि त्यांची कारणमीमांसा ही दोन भिन्न कार्ये होत. परंतु विकृतीला नाव मिळाले म्हणजे तिचा उलगडा झाला, असा समज अभ्यासकांतही आढळतो. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानग्रंथाच्या आधारे ह्या समजाची छाननी करणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

ह्या ग्रंथाच्या १९५२ च्या पहिल्या आवृत्तीवर अ‍ॅडॉल्फ मेयर ह्यांच्या विचारांची छाप होती. अनेक विकृतींना तीत ‘प्रतिक्रिया’ म्हटले होते. रॉबर्ट स्पिट्झर ह्यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीने कारणांविषयीचे वाद बाजूस सारून लक्षणांचे निश्चित निकष दिले. दोन चिकित्सकांनी एकाच रुग्णाचे एकच निदान करावे, ही गरज खरी होती. तिची दखल घेतल्याचे श्रेय ह्या आवृत्तीला दिलेच पाहिजे.

तथापि निदानातील एकमत म्हणजे निदानाची सत्यता नव्हे. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीनुसार विषादविकृतीसाठी नऊपैकी किमान पाच लक्षणे दोन आठवडे असावी लागतात. म्हणजे एकच निदान झालेल्या दोन रुग्णांत एकच लक्षण समान असणे शक्य आहे. शिवाय मनुष्य विषण्ण का, तर त्याला विषादविकृती आहे म्हणून. आणि ती आहे हे कशावरून, तर तो विषण्ण आहे म्हणून! असे हे चक्र आहे.

शोकाच्या प्रश्नात ही अडचण उघडी पडते. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत, आप्ताच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांपर्यंतची लक्षणे, ती विशेष तीव्र नसल्यास, विषादविकृती मानू नयेत असा अपवाद होता. कारणांविषयी मौन बाळगणाऱ्या ग्रंथात कारण असे मागील दाराने शिरले होते. २०१३ साली अपवाद वगळला गेला. शोकग्रस्तांना उपचार नाकारले जाऊ नयेत, हे त्याचे समर्थन विचारार्ह आहे; परंतु शोक कोठे संपतो आणि विकार कोठे सुरू होतो, हा प्रश्न शेवटी चिकित्सकाच्या विवेकावरच सोपविला गेला.

ह्याउलट जनरल पॅरेसिसचे उदाहरण पाहावे. बेल ह्यांनी १८२२ साली त्याचे वर्णन केले. नोगुची आणि मूर ह्यांनी १९१३ साली रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवून दिले. येथे कारण लक्षणांहून स्वतंत्रपणे सिद्ध झाले. प्रत्येक विकृतीचा असा एकच जंतू सापडेल, ही अपेक्षा मात्र अवास्तव होय. विषादामागे आनुवंशिकता, वियोग, दारिद्र्य अशी अनेक कारणे गुंतलेली असतात.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. मानसिक आजाराचे निर्धारण जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणासारख्या मान्य प्रमाणकांनुसार व्हावे, असे भारताचा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. वर्गनामाला असे कायदेशीर वजन आल्यावर त्याची मर्यादा ओळखणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. वर्ग हा संशोधनाचा आरंभ होय. त्याला निष्कर्ष मानल्यास रुग्णाला केवळ नाव मिळते, त्याच्या दुःखाचा अर्थ अज्ञातच राहतो.