सूड घेणारी माय

गेल्या हिवाळ्यांत आम्हांस चार दिवस सडक अर्जुनीस राहण्याचा योग आला. नागपुराहून रायपुरास जाणाऱ्या हमरस्त्याच्या अंगचें हें गोंदिया जिल्ह्यांतील गांव. 'सडक' हें उपपदच त्याची ओळख सांगतें. दिवाळी होऊन धानाची कापणी आटोपली कीं या मुलखांत गांवोगांव मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रीं नाटक उभें राहतें. वडशाच्या मंडळ्या होळीपर्यंत एका गांवाहून दुसऱ्या गांवास जात असतात. खेळ रात्रीं दहाअकराला सुरू होतो तो पहांटेस संपतो, आणि प्रेक्षक कांबळीं पांघरून शेवटचा पडदा पडेपर्यंत हालत नाहींत. २०२३ सालीं परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हां पुण्यामुंबईच्या पुष्कळ रसिकांनीं झाडीपट्टीच्या रंगभूमीचें नांव प्रथमच ऐकिलें असावें. आमची स्वतःची स्थितिहि याहून फारशी भूषणावह नव्हती.

त्या चार रात्रींत पाहिलेल्या एका नाटकाविषयीं येथें लिहावयाचें आहे. कर्त्याचें व मंडळीचें नांव मुद्दामच देत नाहीं. कारण दाखवावयाचा दोष त्या एका नाटकापुरता नाहीं. कथानक असें: एका विधवेच्या एकुलत्या मुलाचा सावकाराच्या पुत्राकडून खून होतो. फौजदार पैसे खातो, साक्षीदार फिरतात. न्यायाची आशा सुटल्यावर ती माय विहिरींत उडी टाकते, आणि दुसऱ्या अंकापासून पांढऱ्या लुगड्यांत, मोकळ्या केसांनीं एकेका गुन्हेगारास गांठूं लागते. येथवर सारें परिचित होतें. प्रेक्षक भ्यावें तेथें भीत होते, हंसावें तेथें हंसत होते, आणि आम्हीहि त्यांत होतों.

तिसऱ्या अंकांत मात्र एक विलक्षण प्रवेश आला. खुन्याची आई हातांत कंदील घेऊन त्याच विहिरीवर येते. आपल्या पोरानें काय केलें हें तिला ठाऊक आहे. ती क्षमा मागत नाहीं. नुसती विहिरीच्या काठावर बसते आणि मेलेल्या मुलाच्या लहानपणच्या गोष्टी त्याच्या मायपुढें काढते. दोघींचीं मुलें एकाच अंगणांत खेळलेलीं. वादकांनीं हात आवरले होते. मांडवांत दोन मिनिटें कोठें खोकल्याचाहि आवाज नव्हता. अशी शांतता आम्हीं मोठ्या शहरांतील नाट्यगृहांत क्वचितच अनुभवली आहे. पुढें काय? पुढें धूर निघाला, तांबडा दिवा लागला, ऑक्टोपॅड कडकडला, भूत खदखदां हंसलें आणि दुष्ट पुत्र आडवा झाला. ती दुसरी आई पुन्हां रंगभूमीवर दिसली नाहीं.

नाटककार हातीं आलेलें सोनें टाकून का पळाला, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आमच्या मतें दोष भुताचा नाहीं, भुताकडून करून घेतलेल्या कामाचा आहे. जिवंत बाई सूड घ्यावयास निघाली तर तिला कांहीं गमवावें लागतें: अब्रू, उरलेलीं नातीं, स्वतःचें मन. भुताला गमवावयाचें कांहींच नाहीं. त्याला दया येत नाहीं, पश्चात्ताप होत नाहीं, आणि पोलीस त्याला पकडूं शकत नाहींत. प्रेक्षकांस सूडाचा आनंद मिळतो आणि त्याचा हिशेब कोणासच द्यावा लागत नाहीं.

ही सवय आमच्या रंगभूमीची जुनी आहे. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आला. त्याच वर्षाच्या जानेवारींत, याच विदर्भांत सावनेर येथें, गडकरी वारले होते. त्या नाटकांत दारूच्या धुंदींत सुधाकर आपल्या तान्ह्या मुलाचा प्राण घेतो, सिंधूलाहि मरणाची जखम करतो. आणि ती मरतांमरतां पोलिसांपुढें खोटें बोलून त्याला वांचविते. तिच्यासाठीं पिढ्यान् पिढ्या रडल्या. आम्हीहि विद्यार्थिदशेंत रडलों. परंतु आतां मनांत येतें कीं, मूल मेल्यावर सिंधूला एक क्षणभर तरी राग यावयास हवा होता. गडकऱ्यांच्या लेखणीला काय अशक्य होतें? पण तिला राग येऊं देणें त्या काळच्या पतिव्रताधर्मांत बसत नव्हतें. जिवंत मातेनें क्षमा करावी, आणि रागवावयाचें असेल तर आधीं मरून भूत व्हावें, अशी ही व्यवस्था आहे. जिवंत आणि रागावलेली आई आम्हांस सोसवत नाहीं.

भुताशिवाय गत्यंतर नाहीं असें समजण्याचें कारण नाहीं, आणि भूत आलें कीं नाटक हलकें होतें असेंहि नाहीं. आगरकरांनीं 'विकारविलसित' या नांवानें मराठींत आणलेल्या 'हॅम्लेट'मध्यें भूत येतें तें काम सांगून निघून जातें. ओझें जिवंत मुलाच्या खांद्यावर पडतें. युरिपिडीसच्या 'हेक्युबा'चा आरंभच मारल्या गेलेल्या राजपुत्राच्या भुतानें होतो; पण त्याचा सूड घेते ती त्याची जिवंत, म्हातारी, दासी झालेली आई. ज्यानें विश्वासघातानें तिच्या मुलास मारलें त्या राजाचे दोन मुलगे ती व तिच्या सोबतिणी मारतात आणि त्याचे डोळे फोडतात. आणि तूं अखेर कुत्री होशील असें भविष्य तिला ऐकावें लागतें. सूड घेणारीचें माणूसपणहि त्यांत जातें, हें त्या ग्रीक कवीनें लपविलें नाहीं.

इतक्या दूर जाण्याची तरी काय गरज? सौप्तिक पर्वांत पांचहि पुत्र झोंपेंत मारले गेल्यावर द्रौपदी प्रायोपवेशनास बसते आणि अश्वत्थाम्याचा प्राण व त्याच्या मस्तकावरील मणि मागते. ती भूत नाहीं, देवी नाहीं. पोरें गेलेली बाई आहे. भागवताच्या प्रथम स्कंधांत तीच द्रौपदी बांधून आणलेल्या अश्वत्थाम्यास सोडावयास सांगते, कारण आपण रडतों तसें त्याच्या आईनें रडूं नये. दोन्ही द्रौपदी खऱ्या आहेत. वाचकानें एकीची निवड करून दुसरीस हांकलून देण्याचें कारण नाहीं. आणि गांधारी! शंभर पुत्र गेल्यावर ती भीमाला विचारते कीं, ज्याचा अपराध थोडा होता असा एक तरी का उरवला नाहींस? मग कृष्णाला शाप देते, आणि छत्तिसाव्या वर्षीं यादव आपसांत लढून नष्ट होतात. येथें अद्भुताचा अंश आहेच. परंतु शाप देणारी जिवंत आहे, आणि त्या शापानें यादवांच्या घरच्या मातांचींहि पोरें जाणार आहेत. व्यासानें तें झांकलेलें नाहीं. आमच्या झाडीपट्टीच्या नाटककारानें विहिरीच्या काठावर दोन मिनिटें हीच वाट धरली होती.

चित्रपटांत विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) याबाबतींत पुष्कळ बरा. उंसाच्या फडांत अडकलेली गर्भवती, खेळणारीं भुतें, मुलगाच हवा या हव्यासापायीं मारलेल्या मुली, अशी त्याची सामग्री. पुढें २०२१ सालीं दिग्दर्शकानेंच त्याचा 'छोरी' या नांवानें हिंदी अवतार केला. तेथें आम्हांस भुतांपेक्षां उषा नाईक यांनीं उभी केलेली ती मायाळू दिसणारी म्हातारी अधिक भयंकर वाटली. गुन्हा घरांतला आहे आणि तो जिवंत माणसांचा आहे, हें चित्रपट विसरत नाहीं. दचकविण्याच्या युक्त्या थोड्या कमी चालल्या असत्या. पण तो सध्यांचा रिवाजच आहे.

हा सारा वाद केवळ रसिकांचा असता तर आम्ही इतकें लांबविलें नसतें. पोर गेलेली, नवरा नसलेली, एकटी, रात्रीं केस मोकळे सोडून हिंडणारी बाई रंगभूमीवर भूत ठरते. रंगभूमीबाहेर तिच्याकडे कोणत्या नजरेनें पाहतात? महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालीं झाला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. त्यानंतरहि २०२१ च्या ऑगस्टांत, झाडीपट्टींतच मोडणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यांत, जिवती तालुक्यांतील एका गांवीं जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या स्त्रीपुरुषांना भर चौकांत बांधून मारण्यांत आलें. नाटकामुळें तें घडलें असें म्हणणें अन्यायाचें होईल, आणि आम्ही तें म्हणत नाहीं. ज्या मंडळ्या दारूवर, हुंड्यावर, सावकारीवर रात्ररात्र बोलतात, त्यांना त्या बाईची बाजू समजत नाहीं असेंहि नाहीं. म्हणूनच तो विहिरीवरचा प्रवेश सुटल्याचें आम्हांस अधिक लागलें.

पहांटे खेळ सुटला तेव्हां शेजारीं बसलेल्या एका वृद्ध बाईनें, आम्ही परगांवचे शिकलेले दिसतों असें पाहून, विचारलें, "त्या दुसऱ्या मायचं का झालं जी?" आम्हीं सांगितलें कीं नाटककारानें तें लिहिलेलें नाहीं. "मंग लिवाले पायजे होतं ना," असें म्हणून तिनें कांबळें झटकलें, निजलेल्या नातवाला खांद्यावर घेतलें आणि ती सडकेकडे चालूं लागली.