केंटकी रायफल : हत्यार आणि कलाकृती

हत्याराच्या रूपाविषयी रसिकतेने लिहिणारे लेखक थोडे. आणि जे लिहितात त्यांची दृष्टी बहुधा राजेरजवाड्यांच्या रत्नजडित मुठींपलीकडे जात नाही. जो किंडिग यांचा १९६० साली प्रसिद्ध झालेला, केंटकी रायफलीच्या सुवर्णयुगावरील ग्रंथ आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो याचसाठी. ज्या बंदुकीचा त्यात विचार केला आहे ती साध्या वसाहतकऱ्याच्या घरातली, हरणे मारावयाची बंदूक होती. कॅप्टन डिलिन यांचे याच विषयावरील पुस्तक १९२४ सालचे. तेव्हा हा व्यासंग किंडिग यांनी सुरू केला असे नव्हे. परंतु या बंदुकीला कलेच्या पंक्तीस मानाचे पान वाढावे, हा आग्रह खरा त्यांचा.

नावापासूनच घोटाळा आहे. ही रायफल प्रथम घडली ती पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या परिसरात, जर्मन व स्विस कारागिरांच्या हातून. १८१५ च्या न्यू ऑर्लीन्सच्या लढाईवर केंटकीच्या शिकाऱ्यांचे एक गाणे लोकप्रिय झाले, आणि त्या गाण्याने हे नाव रूढ केले. त्या लढाईत इंग्रजांची मोठी हानी तोफांनी केली, असे इतिहासकारांचे मत आहे. पण तोफांचा पोवाडा कोण गाणार!

या कारागिरांनी मायदेशाहून आणलेला नमुना आखूड व रुंद नळीचा होता. अरण्यात महिनोन्‌महिने हिंडणाऱ्याला शिसे आणि दारू पाठीवर वाहावी लागे, आणि या एका अडचणीतून नवे रूप जन्मास आले. नळीचे तोंड सुमारे सहा दशांश इंचाचे असेल तर एक पौंड शिशातून वीसेक गोळ्या निघतात. ते अर्ध्या इंचावर आणले की चाळीसेक. नळी मात्र ४० इंचांहून अधिक लांब झाली. दारू पुरती जळावी आणि नेम धरावयास दोन माशींमध्ये अंतर मिळावे, हा हेतू. लोखंडाची पट्टी तापवून दांड्याभोवती गुंडाळावयाची, सांधावयाची, आतून कोरावयाची. मग पेचदार खाचांच्या लाकडी मार्गदर्शकाच्या आधारे लहानसे पाते पुनःपुन्हा ओढून एकेक चरी पाडावयाची. तेलकट चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने सहज खाली उतरे आणि चऱ्यांच्या पेचात फिरत बाहेर पडे. आपल्याकडील ठासणीची बंदूक ज्यांनी भरलेली पाहिली असेल त्यांना ही क्रिया अपरिचित वाटणार नाही.

आता आमचा किंडिग यांच्याशी मतभेद. ते दस्त्यावरील कोरीव वेलपत्तीत इतके रमतात की नळी मागे पडते. पट्टेदार मेपलचे लाकूड, गालाच्या बाजूचे उठावाचे नक्षीकाम, ही सारी मोहक खरी. पण या बंदुकीचे सौंदर्य प्रथम तिच्या सडपातळ, लांबट रेषेत आहे, आणि ती रेषा शिशाच्या काटकसरीने आखली आहे. दस्त्यातील पितळी झाकणाची पेटी पाहा. ती चिंध्या ठेवण्यासाठी. म्हणून तिच्यावरील जाळी कितीही नाजूक केली तरी ती उपरी वाटत नाही. उलट, पुढच्या काळातील पुष्कळ बंदुकांवर चांदीपितळेच्या चांदण्या, बदाम व मासे यांची जी गर्दी झाली, तीत कारागिराचा हात आहे, विवेक नाही.

याहून गंभीर प्रश्न संग्राहकांचा. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात टोपीची बंदूक आली, तेव्हा मालकांनी आपल्या चकमकीच्या बंदुका गावच्या कारागिराकडून बदलून घेतल्या. रंजकाचा कान गेला, गारगोटी धरणारा घोडा गेला, त्या जागी टोपीवर आपटणारा घोडा आला. विसाव्या शतकातील संग्राहकांना मूळ रूप हवे. म्हणून अशा कित्येक बंदुकांना नवा कान व नवा घोडा बसवून त्या पुन्हा चकमकीच्या करण्यात आल्या. काम कुशल असेल तर नवे कोणते आणि जुने कोणते, हे तज्ज्ञालाही चटकन सांगता येत नाही, आणि किंमत तर चढतेच.

दुरुस्तीला आमचा विरोध नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पण आपण शुद्ध केली हे त्यांनी ग्रंथाच्या शेवटी स्पष्ट लिहून ठेवले. बंदुकीच्या बाबतीत ही नोंद बहुधा विक्रेत्याच्या स्मरणशक्तीवर सोपवलेली असते, आणि ती स्मरणशक्ती दोनतीन विक्रींपलीकडे टिकत नाही. शिवाय १८४० च्या सुमारास ज्या शेतकऱ्याने पावसात रंजक भिजते म्हणून टोपीचा घोडा बसवून घेतला, त्याने बंदूक बिघडवली असे कोणी म्हणावे? ती त्याच्या रोजच्या हातची होती. सुवर्णयुग गाठण्याच्या हव्यासात त्याची खूण पुसली जाते, आणि आजोबांच्या काळची बंदूक नातवानेही चालवली ही हकीकत तिच्याबरोबर जाते.

आमच्यापुरते विचाराल तर, दोन बंदुका पुढे ठेवल्यास, टोपीचा घोडा बसलेली आणि चापाच्या पट्टीवर जुन्या स्क्रूंची रिकामी भोके दिसणारी बंदूक आम्ही आधी हातात घेऊ.