मूक झालेली कळ : दूरस्थ समुदायांच्या स्मरणभाषेविषयी

मृताच्या नावाआधी कोणते पद योजावे, हा मराठीत केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. 'कै.' म्हटले की कैलास, 'वै.' म्हटले की वैकुंठ, आणि बहुधा वारकरी परंपरा. वीरशैवांत 'लिंगैक्य', ख्रिस्ती व्यक्तीविषयी 'ख्रिस्तवासी', मुसलमान व्यक्तीविषयी 'पैगंबरवासी', बौद्ध समाजात 'कालकथित'. या पदांवरून मृत मनुष्य कोठे गेला यापेक्षा तो कोणांपैकी होता, हेच अधिक निश्चितपणे कळते. परंतु ज्या समुदायांना ना गाव, ना देवस्थान, ना सोयरीक. ज्यांचे सभासद परस्परांना कधी भेटलेले नसतात आणि केवळ एका साधनामुळे एकत्र आलेले असतात, त्यांनी आपल्या मृतांसाठी कोणते पद घडवावे? संगणकजालावरील समुदायांविषयी हा प्रश्न आज विचारला जातो. वस्तुतः तो त्यांच्याही आधीचा आहे.

हौशी रेडिओचालकांचा समुदाय हा अशा समुदायांचा पूर्वज म्हणावयास हरकत नाही. तेथे माणूस ओळखला जातो तो त्याच्या संकेतनामाने. असा चालक निवर्तला की त्याला 'सायलेंट की' म्हणतात आणि संकेतनामापुढे एस् व के ही दोन अक्षरे लिहितात. अमेरिकी हौशी रेडिओ संघाच्या 'क्यूएसटी' या मासिकात दिवंगतांची यादी याच शीर्षकाखाली छापली जाते. या पदाची घडण लक्षणीय आहे. मोर्स संकेतांत संभाषण संपविताना तीन टिंबे, एक रेघ, एक टिंब व एक रेघ अशी खूण मध्ये न थांबता वाजवितात. ती सलग असल्यामुळे तिची फोड एस् व के अशी जशी होते, तशीच व्ही व ए अशीही होते. म्हणजे या अक्षरांना मुळात स्वतःचा असा अर्थच नव्हता. 'मूक कळ' हा अर्थ त्यांत मागाहून वाचला गेला. लोकव्युत्पत्ती ही भाषाभ्यासकांच्या लेखी बहुधा चूक ठरते. येथे मात्र तिने एक पद निर्माण केले, आणि तेही असे की ज्यात मृताच्या गतीविषयी अवाक्षर नाही. माणूस गेला असे न म्हणता त्याच्या हाताखालचे यंत्र थांबले, एवढेच ते लक्षणेने सांगते. (मराठीत 'कळ' शब्दाला वेदनेचाही अर्थ आहे. इंग्रजी पदाला तो लाभलेला नाही.)

याच समुदायाने स्मरणाची दुसरीही रीत घातली. अमेरिकी संघाचे एक संस्थापक हायरम पर्सी मॅक्सिम १९३६ मध्ये वारले. त्यांचे 'डब्ल्यू वन ए डब्ल्यू' हे संकेतनाम संघाने आपल्या केंद्राकरिता मिळविले आणि १९३८ मध्ये कनेक्टिकटमधील न्यूइंग्टन येथे त्यांच्या स्मरणार्थ केंद्र उभे केले. तेथून होणाऱ्या प्रसारणात हे संकेतनाम आजही उच्चारले जाते. पुतळ्याकडे पाहणारा बोलत नाही. येथे मात्र बोलल्यावाचून स्मरण घडतच नाही, आणि बोलणाऱ्याचे लक्ष त्या क्षणी बहुधा मॅक्सिमवर नसून कामावर असते.

टेरी प्रॅचेट या इंग्रज कादंबरीकाराला किशोरवयात हौशी रेडिओचा छंद होता, ही गोष्ट त्याच्या 'गोइंग पोस्टल' (२००४) या कादंबरीच्या वाचकाने ध्यानी ठेवावी. तीत मनोऱ्यांच्या रांगेवरून झडपांच्या साहाय्याने संदेश धाडणारी यंत्रणा आहे. कामावर मरण पावलेल्या माणसाचे नाव तेथील चालक तारमार्गावर अखंड फिरते ठेवतात. त्या नावाआधी तीन अक्षरे असतात : जी म्हणजे पुढे पाठवा, एन म्हणजे नोंद करू नका, यू म्हणजे मार्गाच्या टोकाशी पोचताच परत फिरवा. १२ मार्च २०१५ रोजी प्रॅचेट वारला आणि त्याच्या वाचकांतील संगणकतज्ज्ञांनी ही कल्पित रूढी प्रत्यक्षात आणली. संकेतस्थळाकडून वाचकाच्या यंत्राकडे जाणाऱ्या प्रत्येक उत्तरासोबत काही अदृश्य मथळे जातात. त्यांत त्यांनी 'एक्स-क्लॅक्स-ओव्हरहेड' हा मथळा घातला आणि त्यापुढे ती तीन अक्षरे व प्रॅचेटचे नाव लिहिले.

हा मथळा पडद्यावर उमटत नाही. मुद्दाम शोधणाऱ्यासच तो सापडतो. जे कोणी वाचत नाही त्याला उच्चार तरी कसे म्हणावे, अशी शंका येथे घेता येईल. पण सांत्वनाचे बहुतेक बोलणे उपस्थितांना उद्देशून असते. 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही ओळ मृतासाठी म्हणून लिहिली जाते आणि इतर सभासदांसाठी वाचली जाते. या मथळ्याला असा श्रोताच नाही. तो लिहून आपण किती हळहळलो हे कोणास दाखविता येत नाही. त्याचे मोल येथेच आहे. तथापि एक उणीव नोंदविली पाहिजे. एकदा घातलेला मथळा पुढे यंत्रच पाठवीत राहते. कादंबरीतील चालकाला ते नाव दरवेळी हाताने पुढे धाडावे लागते. रेडिओ केंद्रातील निवेदकालाही ते संकेतनाम तोंडाने म्हणावे लागते. मनुष्याचे श्रम वगळल्यास या रूढीतील नेमके काय उरते, याचा विचार तिच्या अनुयायांनी केलेला दिसत नाही.

इंग्रजी विकिपीडियावर दिवंगत संपादकांची सूची आहे. तीत समावेश व्हावयाचा तर काही शे संपादने किंवा विशिष्ट लेखांतील भरीव कार्य असावे, अशी अपेक्षा तेथे नमूद आहे. स्मरणाला पात्रता लावणे प्रथमदर्शनी रुक्ष वाटते. परंतु ज्या समुदायात केलेले काम हीच ओळख, त्याला दुसरे कोणते माप असणार? तेथील हळव्या ओळींपेक्षा हा नियमच अधिक प्रामाणिक आहे.

व्हॉट्सअॅपच्या समूहांपाशी मात्र असा स्वतःचा शब्द नाही. तेथे दोन हात जोडल्याचे चिन्ह आणि तीच श्रद्धांजलीची ओळ एकामागून एक येतात. त्यांत मृताचे नावही पुष्कळदा नसते. पुढे जे घडते ते अधिक विचारणीय. सुमारे १२० दिवस वापर न झालेले खाते सामान्यतः रद्द होते, आणि खाते रद्द झाले की सभासदत्वही संपते. त्या वेळी उमटणारी इंग्रजीतील 'लेफ्ट' ही नोंद मराठीत सांगू गेल्यास 'त्याने समूह सोडला' असेच म्हणावे लागते. 'सोडणे' हे सकर्मक क्रियापद. 'ने' प्रत्ययाने मृत मनुष्य कर्ता ठरतो आणि नाहीसे होणे ही त्याची कृती ठरते. 'कै.' लिहिणाऱ्यास मृत्यू ठाऊक असतो. यंत्रास केवळ अवापर कळतो. ही नोंद येते तोवर श्रद्धांजलीच्या ओळी वर सरकून दिसेनाशा झालेल्या असतात.