‘१६’चा आकडा आणि खेळायची इच्छा

वयाचं लेबल मुलांना थांबवतं की खुणावतं, यावर वाचायला बसलात की २००९ सालचा नेदरलँड्समधला एक पेपर भेटणारच. सहलेखकांत ब्रॅड बुशमन आहेत. ७-८, १२-१३ आणि १६-१७ अशा तीन वयोगटांतल्या ३१० मुलामुलींना काल्पनिक व्हिडिओ गेमची वर्णनं वाचायला दिली. वर्णनांसोबत ‘पेगी’ची, म्हणजे युरोपातल्या गेम-श्रेणीची, लेबलं. मग विचारलं, हा गेम खेळायला किती आवडेल? वरच्या वयाचं लेबल आणि हिंसेचं चिन्ह, दोन्हींमुळे ओढ वाढली. ७-८ वर्षांच्यांचीसुद्धा, मुलींचीसुद्धा.

स्पष्टीकरण ओळखीचं आहे: जॅक ब्रेम यांचा १९६६ चा सिद्धान्त. नको म्हटलं की तेच हवंसं वाटतं. आपल्याकडे हे कुठल्याही आजीला ठाऊक असतं.

पण मी इथेच अडते. ‘१६’ हा आकडा नुसती मनाई नाही, ती माहितीही आहे: यात मारामारी भरपूर आहे. मग मुलाला मनाई खुणावते की मारामारी? हाच फरक बुशमन आणि अँजेला स्टॅक यांनी १९९६ मध्ये टीव्हीवरच्या हिंसेबाबत तपासला होता. इशारा दिला तर बघायची ओढ वाढली, नुसती माहिती दिली तर नाही. पेगीचं मुठीचं चिन्ह मात्र माहितीच देतं, आणि तरी ओढ वाढली! हे कोडं एका सिद्धान्ताने सुटत नाही. साहित्याचा आढावा लिहिताना दोन्ही पेपर एकाच कंसात कोंबू नका. (मी कोंबले होते. गाइडनी लाल पेनाने गोल केला.)

दुसरी अडचण मोठी. मोजली ती इच्छा, निवड नव्हे. माझ्या प्रश्नावलीतही ‘किती आवडेल?’ हाच प्रश्न होता. पायलटच्या वेळी आठवीतला एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आवडेल का विचारताय, की बघायला मिळेल का? मोबाईल तर पप्पांकडे असतो.”

आपल्याकडे २०२१ च्या नियमांपासून ओटीटीवर आणि २०२४ पासून चित्रपटांनाही यूए ७+, १३+, १६+ अशा श्रेणी आल्यात. यूए म्हणजे निर्णय पालकांवर सोडलेला. एकट्या मुलाला विचारून त्याचा परिणाम कसा कळणार? आता मी पालक आणि मूल दोघांना एकत्र बसवून, समोर खरी यादी ठेवून निवडायला सांगणार आहे. सॅम्पल निम्मं होईल. होऊ दे.