सवलत मोटारीला की इंधनाला?

विजेवर चालणाऱ्या मोटारीवर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी कराचे टप्पे बदलले, तेव्हाही या दराला हात लागला नाही. पेट्रोलच्या लहान मोटारीवर त्या दिवसापासून १८ टक्के आणि मोठ्या मोटारीवर ४० टक्के कर आहे. म्हणजे पेट्रोलच्या गाडीची लांबी आणि इंजिनाचे आकारमान सरकार मोजते. विजेच्या गाडीचे काहीच मोजत नाही. ती दहा लाखांची असो की ऐंशी लाखांची, कर ५ टक्केच.

यामागचा विचार असा, की या गाडीला धुराची नळीच नाही. हे खरे आहे, आणि शहरातल्या हवेच्या दृष्टीने मोलाचेही आहे. पण कार्बन डायऑक्साइडचा हिशोब नळीपाशी संपत नाही. बॅटरीत भरलेली वीज कोराडीच्या किंवा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातून आलेली असू शकते, आणि तिथे धुरांडे आहे.

हे गणित फळ्यावर करून पाहण्याजोगे आहे. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जलविद्युत, सौर, पवन असे सारे धरून ही सरासरी आहे. समजा, लहान विजेची मोटार १०० किलोमीटरला १२ युनिटे घेते. तारांमध्ये आणि चार्जिंगमध्ये जाणारी गळती धरली, तर केंद्रात १५ युनिटे तयार करावी लागतील. म्हणजे १०.५ किलो. आता पेट्रोलची लहान मोटार घेऊ. ती लिटरला १८ किलोमीटर जाते आणि एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो वायू निघतो, म्हणून १०० किलोमीटरला १२.८ किलो. तेल काढणे, शुद्ध करणे, वाहून आणणे यांसाठी आणखी एक पंचमांश धरला, तर १५ किलोच्या थोडे वर. इथवर विजेची बाजू चांगलीच वरचढ आहे.

परंतु दोन टनांहून जड, दणकट विजेची गाडी १०० किलोमीटरला २० युनिटे घेत असेल, तर गळतीसह २५ युनिटे आणि १७.५ किलो. तेवढ्याच मोठ्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा ती बरी, यात शंका नाही. पण पेट्रोलच्या लहान गाडीपेक्षा वाईट. तरी लहान गाडीवर १८ टक्के आणि या धुडावर ५ टक्के! बॅटरी बनवताना होणारा खर्च आणि कोळशाच्या खाणी आम्ही हिशोबात धरलेल्याच नाहीत. विजेत सूर्याचा आणि वाऱ्याचा वाटा वाढेल तसे हे आकडे सुधारतील, हेही खरे. पण तेव्हासुद्धा जड गाडी हलक्या गाडीपेक्षा जास्तच वीज खाणार.

मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात ३० लाख रुपयांहून महाग विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचवला होता. त्याच महिन्यात तो मागे घेतला गेला. आमच्या मते तो किमतीऐवजी वीजवापरावर बेतून ठेवायला हवा होता.

जैवइंधनाच्या बाबतीत हाच घोटाळा दुसऱ्या रूपात दिसतो. पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालवणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल मोटारींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवर आणावा, असा आग्रह केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२४ मध्ये धरला. हा प्रयोग स्वीडनने आधी करून पाहिला आहे. तिथे एप्रिल २००६ पासून मोठ्या पंपांना एक तरी नवीकरणीय इंधन ठेवणे सक्तीचे झाले. बहुतेकांनी ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले ई-८५ निवडले, कारण त्याचा पंप सर्वांत स्वस्तात बसत होता. एप्रिल २००७ पासून पर्यावरणस्नेही मोटार घेणाऱ्या खासगी ग्राहकाला १०,००० क्रोनर मिळू लागले. फ्लेक्स मोटारी भराभर खपल्या. मग २००८ च्या उत्तरार्धात खनिज तेलाचे भाव कोसळले. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, आणि हा हिशोब चालकांना पक्का कळत होता. त्यांनी त्याच मोटारींत पेट्रोल भरायला सुरुवात केली आणि ई-८५ ची विक्री घसरली. बक्षीस टाकीला मिळाले होते. टाकीत काय भरायचे हे भावाने ठरवले.

आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता सर्वत्र मिळते. वरच्याच प्रमाणाने त्याच्या लिटरमध्ये सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी भरते. असे इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावे, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते. त्यानंतर इथेनॉलचा खरेदीदर चढला आणि ग्राहकाच्या वाट्याला सूट आली नाही. इथे सवलत इंधनाला हवी होती.

कर गाडीच्या ऊर्जावापरावर बसवणे अवघड नाही. घरातल्या फ्रिजवर तो वर्षाला किती युनिटे घेतो हे तारांकित पट्टीवर छापलेले असते. विजेच्या मोटारीच्या हिरव्या पाटीवर नुसता क्रमांक असतो.