केनियातील शहरांचा तक्ता: एक परीक्षण

नकाशासंग्रहाच्या शेवटच्या पानांवर आणि स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांत प्रत्येक देशातील प्रमुख शहरांचा एक तक्ता असतो. एका रकान्यात शहराचे नाव, दुसऱ्यात लोकसंख्या. पर्वतशिखरांच्या उंचीचा तक्ताही बहुधा त्याच्याच शेजारी छापलेला असतो आणि विद्यार्थी दोन्ही सारख्याच विश्वासाने पाठ करतात. वास्तविक हे दोन तक्ते एका जातीचे नाहीत. शिखर कोठे संपते याबद्दल वाद नसतो. शहर कोठे संपते हे मात्र कोणीतरी ठरवावे लागते. पूर्व आफ्रिकेतील केनियाचा तक्ता या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

केनियात दर दहा वर्षांनी जनगणना होते. २०१९ च्या गणनेनुसार देशाची लोकसंख्या ४ कोटी ७५ लाख ६४ हजार होती. नैरोबी ४३ लाख ९७ हजार, मोंबासा १२ लाख ८ हजार, नाकुरू ५ लाख ७१ हजार, रुइरू ४ लाख ९० हजार, एल्डोरेट ४ लाख ७६ हजार, किसुमू ३ लाख ९८ हजार, असा शहरांचा क्रम लागतो. येथपर्यंत सर्व सरळ दिसते. पण याच तक्त्याशेजारी २००९ चा तक्ता ठेवला की पहिली अडचण उभी राहते. त्या वर्षी किसुमूची लोकसंख्या सुमारे ४ लाख १० हजार दिली होती. म्हणजे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचे हे बंदर दहा वर्षांत बारा हजारांनी आटले काय? त्याच काळात किसुमू काउंटीची (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) लोकसंख्या ९ लाख ६९ हजारांवरून ११ लाख ५६ हजारांवर गेली. किसुमूत ना साथ आली, ना स्थलांतराची लाट. २००९ च्या गणनेत शहराचा गाभा आणि भोवतालचा निमशहरी पट्टा मिळून एक आकडा धरला होता. पुढे २०१० च्या राज्यघटनेनुसार २०१३ मध्ये काउंटी सरकारे आली आणि जुन्या नगरपालिका गेल्या. ज्या हद्दीत माणसे मोजायची ती हद्दच पूर्वीची राहिली नाही. तक्ता करणाऱ्याने मात्र दोन्ही आकडे ‘किसुमू’ या एकाच नावापुढे लिहिले आणि वजाबाकी वाचकावर सोडली.

नैरोबीच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. ४४ लाखांचा आकडा नैरोबी काउंटीचा आहे. तिचे क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस किलोमीटर असून त्यात ११७ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यानही येते. म्हणजे घनता काढताना सिंह-गेंड्यांची जागाही माणसांच्या वाट्याला लावली जाते. भागाकार करून पाहावा: उद्यान धरले तर दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,३०० माणसे, वगळले तर सुमारे ७,५००. दुसरीकडे, काउंटीच्या सीमेबाहेर थिका रस्त्यावर असलेले रुइरू आणि पश्चिमेचे किकुयू येथून असंख्य लोक रोज नैरोबीत कामाला येतात. गणना त्यांना, ते त्या रात्री जेथे झोपले तेथे मोजते. त्यामुळे रुइरू २००९ मधील २ लाख ३९ हजारांवरून दहा वर्षांत दुपटीवर गेले आणि तक्त्यात चौथे मोठे ‘शहर’ म्हणून झळकले. भूगोलाच्या दृष्टीने ती नैरोबीचीच वाढ आहे.

पण सीमेपेक्षा मोठा घोटाळा होतो तो न मोजता सांगितलेल्या आकड्यांचा. नैरोबीतील किबेरा ही झोपडवस्ती ‘आफ्रिकेतील सर्वांत मोठी’ म्हणून जगभर सांगितली गेली आणि तिची लोकसंख्या दहा लाख, काही ठिकाणी त्याहूनही अधिक छापली गेली. २००९ च्या गणनेत ती १,७०,०७० भरली. मदतसंस्था, वार्ताहर आणि पाहुणे पुढारी यांच्या तोंडी असलेला आकडा पाचसहा पटींनी फुगलेला होता! गणनेत काही माणसे सुटली असतील हे मान्य करू; स्वतंत्र अंदाजही काहीसे वरचे आले. पण ते तीन लाखांच्या आतच राहिले. आणि हे कळायला गणनेची वाट पाहण्याचीही गरज नव्हती. किबेराचे क्षेत्रफळ सुमारे अडीच चौरस किलोमीटर, म्हणजे २५ लाख चौरस मीटर. त्यात दहा लाख माणसे धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला, गल्ल्या, गटारे आणि दुकाने धरून, अडीच चौरस मीटर जागा येते. घरे तर बहुतेक बैठी, पत्र्याची. सातवीतला मुलगा हे गणित दोन मिनिटांत करील. वर्षानुवर्षे ते केले गेले नाही, कारण मोठा आकडा अनेकांच्या सोयीचा होता. त्याचे नुकसान मात्र तेथील रहिवाशांनाच सोसावे लागते. पाण्याचे नळ, संडास आणि शाळा किती लागतील हे खोट्या आकड्यावरून ठरत नाही, आणि दहा लाखांची सोय करणे अशक्यच म्हणून कामच न करण्याला निमित्त मिळते.

आकडा फुगवण्याचा आरोप गणनेवरही झाला. २००९ चे निष्कर्ष २०१० मध्ये जाहीर करताना सरकारनेच ईशान्येकडील आणि तुर्काना भागातील आठ जिल्ह्यांचे आकडे अमान्य केले. जन्म-मृत्यूच्या प्रमाणांवरून तेथील वाढीचा मेळ बसत नव्हता. मतदारसंघ आणि निधी लोकसंख्येवर ठरत असल्यावर असे होणे नवलाचे नाही. त्या भागातील मंडेरा काउंटीची संख्या २००९ मध्ये १० लाख २६ हजार होती; २०१९ मध्ये ती ८ लाख ६७ हजार निघाली.

मूळ गणना अहवालाला या सर्वांबद्दल दोष देणे बरोबर होणार नाही. २०१९ च्या अहवालात अगदी लहान प्रशासकीय विभागापर्यंत लोकसंख्येबरोबर क्षेत्रफळ आणि घनता दिलेली आहे. गोंधळ होतो तो नंतर. संक्षेप करणारे संपादक क्षेत्रफळाचा रकाना गाळतात, वर्ष तळटीपेत ढकलतात आणि मग तळटीपही गाळतात. ‘शहर’ या शब्दाची व्याख्या तर कोणीच देत नाही. केनियात दोन हजार वस्तीचे ठिकाण नागरी धरले जाते. आपल्याकडील जनगणनेत पाच हजार वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसे आणि ७५ टक्के पुरुष कामकरी शेतीबाहेर, अशा तीन अटी आहेत. दोन्ही देशांची ‘नागरी टक्केवारी’ शेजारी छापणाऱ्या पुस्तकांनी एवढे तरी सांगायला हवे.

शिवाय कायद्याने दिलेला दर्जा निराळाच. नाकुरूला तो २०२१ मध्ये आणि एल्डोरेटला २०२४ मध्ये मिळाला. त्या दोघांच्या मधोमध बसणाऱ्या रुइरूला नाही. पुढची गणना २०२९ मध्ये अपेक्षित आहे. तोपर्यंत एल्डोरेट शहरांच्या यादीत येईल ते २०१९ च्या आकड्यासह, म्हणजे ते कायद्याने शहर नव्हते त्या वर्षीच्या लोकसंख्येसह.